तळपदे बाईंना कोणी विचारलं नाही

तळपदे बाई फोन उचलल्यावर ‘हॅलो’ म्हणत नसत. ‘बोला, जहाज कुठलं?’ असं विचारत. ऑफिसात ते ठीकच होतं, पण गिरगावातल्या घरीही त्यांचं तेच. एकदा त्यांच्या नणंदेनं मुलीच्या साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला फोन केला, तर पहिलाच प्रश्न जहाजाचा. नणंदही कमी नव्हती. म्हणाली, ‘वहिनी, जहाज ठाण्याचं आहे, शनिवारी सुटतंय, सगळे या.’ हा किस्सा बाई स्वतःच सांगायच्या आणि शेवटपर्यंत पोचायच्या आधीच हसायला लागायच्या.

गेल्या थंडीत त्या गेल्या. बातमी मला गोदामातल्या शेवंतानं दिली. मी तेव्हा कुठल्याशा मीटिंगमध्ये होते. फोन ठेवला आणि मीटिंग पुरी केली. ते कसं केलं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

माझगावची आमची कंपनी बंदरात येणाऱ्या जहाजांना सामान पुरवते. तांदूळ, कांदे-बटाटे, मासळी, दोरखंड, रंगाचे डबे, साबण, औषधं, कधी कॅप्टनच्या बायकोच्या वाढदिवसाचा केकसुद्धा. जहाजाकडून यादी येते आणि ते सुटायच्या आत यादीतली प्रत्येक वस्तू त्याच्या डेकवर पोचावी लागते. बाई इथे टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. वडील अंथरुणाला खिळले म्हणून कॉलेजचं पहिलं वर्ष अर्धवट सोडलेलं. मी आले तेव्हा त्यांना तिथे पंचवीसएक वर्षं झाली होती. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर ‘वरिष्ठ सहायक’ लिहिलेलं होतं आणि अख्खी कंपनी त्या टेबलावरून चालत होती.

माझा इंटरव्ह्यू म्हणायला मोठ्या सामंतसाहेबांनी घेतला. दोन प्रश्न विचारून त्यांनी केबिनच्या काचेतून बोट दाखवलं. ‘त्या बाईंना भेटा. त्या हो म्हणाल्या तर उद्यापासून या.’

ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि पायात चक्क पांढरे कॅनव्हासचे बूट. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. सामान उचलताना काच घासते म्हणून.

‘नाव?’

‘चारुशीला राणे.’

‘राहतेस कुठे?’

‘भोईवाड्याला. बाबा तिथेच कोर्टात क्लार्क आहेत.’

‘म्हणजे कागद जागच्या जागी ठेवायची सवय असेल घरात. चल.’

त्यांनी मला मागच्या गोदामात नेलं आणि कांद्याच्या पोत्यासमोर उभं केलं. ‘यातले महिनाभर टिकतील ते वेगळे काढ.’

मी बी.कॉम. झालेली. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. मी म्हटलं, ‘बाई, कसे ओळखायचे?’

त्यांनी एक कांदा माझ्या हातात दिला. ‘मान दाबून बघ. मऊ लागली की आतून गेलेला. वरून कितीही गुलाबी असू दे.’ मग स्वतः माझ्या शेजारी पाटावर बसल्या आणि निवडू लागल्या. ‘इथे एक गोष्ट लक्षात ठेव. समुद्रावर दुकान नसतं. आपण विसरलो की त्यांना ते मिळतच नाही. वीस-बावीस माणसं महिनाभर आपल्या विसरण्यावर जेवतात.’

अर्धं पोतं झाल्यावर त्या उठल्या, माझ्या ढिगाऱ्यातले दोन कांदे उचलून बाहेर टाकले आणि म्हणाल्या, ‘उद्या ये. चप्पल नको, बूट घाल.’

बाईंचं शिकवणं असं होतं. समजावून सांगणं कमी, शेजारी बसणं जास्त. डबा त्या उभ्यानंच खायच्या. एका हातात यादी, एका हातात भानोल्याचा तुकडा. कोबी आणि कोलंबीचं ते भानोलं त्या अर्धं माझ्या डब्यात ठेवायच्या आणि माझ्या आईनं केलेलं बांगड्याचं मालवणी तिखलं घ्यायच्या. ‘तुझ्या आईला सांग, तिरफळं जरा सढळ,’ असा निरोप दर शुक्रवारी ठरलेला. माझी आई त्यांना एकदाही भेटली नाही, पण शुक्रवारी तिरफळं मात्र मोजून चार जास्त टाकायची.

त्यांना राग क्वचित यायचा, पण आला की आवाज वाढण्याऐवजी खाली जायचा. एकदा गोदामात बायकांसाठी संडास नाही, हा विषय निघाला. विषय नवा नव्हता. धान्य निवडायला, पाकिटं भरायला तिथे आठ-दहा बायका होत्या. शेवंता त्यांच्यातलीच, लालबागहून यायची. या सगळ्या जणी मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या ख्रिश्चन मावशींच्या घरी जायच्या. मावशी भल्या होत्या, पण रविवारी आणि सणावारी त्यांच्याकडे पाहुणे असायचे. त्या दिवशी बायका सकाळपासून पाणीच पीत नसत. बाई स्वतः पंचवीस वर्षं तशाच राहिलेल्या.

बाई सामंतसाहेबांना दर महिन्याला त्याचं पत्र द्यायच्या. साहेब म्हणायचे, ‘जागा कुठाय, बाई?’ तीन वर्षं हे चाललं. मग एके दिवशी परदेशी कंपनीचे लोक गोदाम पाहायला यायचे होते. साहेब तयारी बघायला आले, तर बाईंनी गोदामाचा नकाशा टेबलावर पसरला होता आणि एका कोपऱ्यावर पेन्सिलनं चौकोन काढला होता. तिथे तेव्हा साहेबांची जुनी मोटार उभी असायची.

‘जागा ही,’ बाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘पाहुणे विचारतील तेव्हा मी काय सांगू? इथे बायका आहेत म्हणून सांगू, की मोटार आहे म्हणून?’

पावसाळ्याआधी संडास झाला. बाईंनी त्याला कुलूप लावलं आणि प्रत्येक बाईच्या हातात एक-एक किल्ली दिली. एक किल्ली मागच्या गल्लीतल्या मावशींनाही नेऊन दिली, नुसती आठवण म्हणून. मावशी ती किल्ली हातात धरून बराच वेळ रडल्या, असं शेवंता सांगते.

आता त्या जहाजाची गोष्ट सांगायला हवी, कारण बंदरात बाईंचं नाव झालं ते त्या दिवसापासून. मला तेव्हा लागून दोन वर्षं झाली होती. एक जहाज बाहेर समुद्रात नांगर टाकून उभं होतं. त्याच्या कॅप्टननं वायरलेसवरून तक्रार केली की तुम्ही परवा दिलेली भाजी सडकी आहे, सगळी परत घ्या आणि मॅनेजरला पाठवा. आमचे मॅनेजर करंदीकर रजेवर होते. बाकीचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. बाईंनी कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि मला म्हणाल्या, ‘चारू, तुझा पंजाबी ड्रेसचा जादा जोड आहे ना कपाटात? दे.’

माझा ड्रेस त्यांना अर्धी वीत लांब झाला. त्या तशाच भाऊच्या धक्क्यावर आल्या आणि लाँचमध्ये बसल्या. मीही होते. जहाजाजवळ पोचलो तर वरून दोरखंडाची शिडी सोडलेली. लाँच खालून वर-खाली होतेय, शिडी जहाजाच्या अंगावर आपटतेय. लाँचवाला म्हणाला, ‘बाय, नको. मी वर जाऊन सांगतो, साहेब आजारी हाय म्हणून.’

‘साहेब आजारी नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आणि भाजी मी भरली आहे.’

त्या चढल्या. मी खाली बसून डोळे मिटून घेतले होते, त्यामुळे कशा चढल्या ते सांगू शकत नाही. तासाभरानं त्या उतरल्या तेव्हा हातात एक थर्मामीटर होता. वर जाऊन त्यांनी कॅप्टनशी वाद घातलाच नव्हता. त्या सरळ मुदपाकखान्यात गेल्या, तिथल्या फिलिपिनो स्वयंपाक्याला बरोबर घेतलं आणि शीतगृहाचं दार उघडलं. आत शिरताच त्यांना कळलं की इथे पुरेसा गारठाच नाही. भिंतीवरच्या थर्मामीटरचा काटा एका जागी अडकून पडला होता, आकडा बरोबर दाखवत होता आणि खोली गरम होती. भाजी आमच्याकडून चांगलीच गेली होती, जहाजावर जाऊन सडली होती. कॅप्टननं माफी मागितली आणि तो बंद पडलेला थर्मामीटर बाईंना भेट दिला. पुढे ते जहाज मुंबईला आलं की यादीच्या वर लिहिलेलं असायचं : मिसेस टी. यांनी स्वतः तपासावी.

परत येताना लाँचमध्ये मी म्हटलं, ‘बाई, तुम्ही आज मॅनेजरच झालात.’

त्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, ‘झाले असते ग. सात वर्षांपूर्वी.’

मग त्यांनी सांगितलं. मॅनेजरची जागा आधी एकदा रिकामी झाली होती. सगळे धरून चालले होते की बाईंनाच मिळणार. तेव्हाच त्यांच्या यजमानांना अर्धांगाचा झटका आला. सामंतसाहेब माणूस म्हणून चांगले. त्यांनी विचार केला, हिच्या घरी एवढं संकट, त्यात ही जबाबदारी कशाला टाकायची? त्यांनी बाहेरून करंदीकरांना आणलं आणि बाईंना रोज तासभर लवकर घरी जायची मुभा दिली.

‘त्यांनी माझी काळजीच केली,’ बाई म्हणाल्या. ‘पण घरी सासूबाई होत्या, दीर होते, माणूस ठेवलेला होता. मी तयारी करून ठेवली होती सगळी. त्यांनी मला फक्त एकदा विचारायला हवं होतं. नाही म्हणायचंच असेल, तर माझं मी म्हणेन ना!’

मला त्यांचा इतका राग-राग आला, म्हणजे साहेबांचा, की मी तिथल्या तिथे म्हणाले, ‘बाई, मी असते तर भांडले असते.’

त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. ‘भांडशील तू. तुझ्या वेळेपर्यंत भांडावं लागू नये एवढंच.’

करंदीकर पुढे बरीच वर्षं मॅनेजर राहिले. वाईट नव्हते, फक्त त्यांना काम येत नव्हतं. बाईंनी त्यावर एक युक्ती काढली होती. सकाळी त्यांच्या केबिनच्या दारात उभं राहून म्हणायच्या, ‘साहेब, तुम्ही काल म्हणालात तसं तांदूळ आधी चढवायला सांगितलाय.’ करंदीकर तसं काही म्हणालेले नसायचे. ते मान हलवायचे. मग हळूहळू त्यांना खरंच वाटायला लागलं की आपण हे सगळं म्हणत असतो. निरोपाच्या भाषणात त्यांनी स्वतःच्या दूरदृष्टीची तीन उदाहरणं दिली, आणि तिन्ही बाईंची होती. मी बाईंकडे पाहिलं तर त्या मन लावून वेफर्स खात होत्या.

करंदीकर निवृत्त झाले तोवर मोठे साहेब थकले होते आणि सगळं त्यांच्या मुलाकडे, ऋषिकेशसरांकडे आलं होतं. हा मुलगा बाईंच्या टेबलाखाली बसून चित्रं काढत मोठा झालेला. परदेशात शिकून आला होता, वागायला सभ्य होता. त्यानं मॅनेजरची जागा मोडून ‘ऑपरेशन्स हेड’ अशी नवी जागा केली. त्याच सुमाराला आमच्या सगळ्यांत मोठ्या परदेशी गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म आला. त्यात विचारलं होतं की तुमच्या कंपनीत निर्णय घेणाऱ्या पदांवर स्त्रिया किती? समानतेसाठी तुम्ही काय करता? उत्तरात ऋषिकेशसरांना शून्य लिहावं लागणार होतं.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी तोवर नोकरी करता-करता एम.बी.ए. केलं होतं. बाईंनीच फॉर्म भरायला लावला होता आणि परीक्षेच्या दिवसांत माझ्या याद्या त्याच तपासायच्या.

‘बस, चारुशीला,’ सर म्हणाले. ‘ही पोस्ट एका स्त्रीला द्यायची, हे फिक्स आहे. प्रश्न एवढाच की तळपदे बाई की तू? फ्रँकली सांग. बाईंना निवृत्तीला दोन वर्षं आहेत. डिग्री नाही. पण काम म्हटलं तर त्याच. मी त्यांना विचारणारच आहे, पण आधी म्हटलं तुझ्याशी बोलावं, तू त्यांच्या जवळची आहेस. त्यांना हवंय का हे?’

मी तिथे एवढंच म्हणू शकले असते की, सर, त्यांनाच विचारा. मला तेवढंच म्हणायचं होतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिले. प्रत्यक्षात मी म्हणाले, ‘बाईंना आता दगदग नको असेल, सर. त्या परवाच म्हणत होत्या, पुरे झालं आता.’

हे खोटं नव्हतं. बाई म्हणाल्या होत्या तसं. मे महिन्यात भर दुपारी डॉकच्या गेटवर पासच्या रांगेत उभं असताना, पदरानं वारा घेत, ‘पुरे झालं बाई आता!’ म्हणाल्या होत्या. आणि पाच मिनिटांनी रांगेतल्या शिपायाला त्याचं रजिस्टर कसं ठेवावं ते शिकवत होत्या.

सरांच्या चेहऱ्यावरून ओझं उतरल्यासारखं झालं. ‘मग त्यांना विचारून ऑकवर्ड नको करायला,’ ते म्हणाले. मी हो म्हटलं.

सोमवारी जाहीर झालं. बाई सगळ्यांच्या आधी उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘छान झालं चारू. फार छान झालं,’ म्हणाल्या. त्यांच्या हातांना धण्याचा वास येत होता. डोळ्यांत मी काही शोधलं नाही, कारण मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही.

मंगळवारी सकाळी त्या माझ्या केबिनच्या दारात उभ्या होत्या. ‘मॅडम, आत येऊ? तुमची सही हवी होती.’

मी म्हटलं, ‘बाई, अहो काय हे? मला तू म्हणा.’

‘ऑफिसात पदाचा मान ठेवावा लागतो,’ त्या शांतपणे म्हणाल्या. ‘मी ठेवला नाही तर गोदामातले पुरुष ठेवणार नाहीत. लहान आहात म्हणून तुम्हाला गुंडाळतील. सही इथे करा.’

हे टोमणे मारणं नव्हतं. मला बळ देण्यासाठीच त्या ते करत होत्या. चारचौघांत मला विचारायच्या, ‘मॅडम, तुमचं काय मत?’ त्यांना उत्तर माहीत असायचं. मला सांगता येईपर्यंत थांबायच्या. पुढची दोन वर्षं त्यांनी मला एकदाही ‘तू’ म्हटलं नाही. शुक्रवारी भानोलं मात्र माझ्या टेबलावर येत राहिलं, झाकण घातलेल्या डबीत.

त्या परदेशी गिऱ्हाइकाकडची एक अधिकारी बाई मध्ये एकदा आली. तिनं माझी मुलाखत घेतली, फोटो काढला. तुम्हाला बाई म्हणून काय अडचणी आल्या, असं तिनं विचारलं. मी बरंच बोलले. छान बोलले, असं सगळे म्हणाले. त्या वेळी खालच्या गोदामात एका जहाजाचे अंड्यांचे क्रेट चुकले होते आणि बाई ते निस्तरत होत्या.

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. गोदामात खुर्च्या मांडल्या होत्या. निवडणाऱ्या बायकांनी स्वतः गजरे करून आणले होते. ऋषिकेशसर मनापासून बोलले. टेबलाखाली बसून काढलेल्या चित्रांची आठवण त्यांनी सांगितली. आणि बोलण्याच्या भरात ते म्हणाले, ‘खरं म्हणजे ऑपरेशन्स हेडची जागा आम्ही आधी बाईंनाच देणार होतो. पण चारुशीलानं सांगितलं की बाईंना आता विश्रांती हवी आहे. आम्ही त्यांच्या इच्छेचा मान ठेवला.’

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. यादीत एखादी वस्तू नसली की त्या ज्या नजरेनं पाहायच्या, तसं काहीसं. मग त्यांना बोलायला सांगितलं. त्या उठल्या, सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाल्या, ‘मला विश्रांती हवी होती हे मला आजच कळलं.’

लोक हसले. बाई विनोद करायच्याच नेहमी. शेवंता हसली नाही. ती दारात उभी होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्यांच्याकडे गेले नाही. मी भोईवाड्याहून दादरला राहायला गेले होते, गिरगाव काही परमुलुखात नव्हतं. दर रविवारी जायचं ठरायचं आणि दर रविवारी काहीतरी निघायचं. शेवटी एकदा गेलेच. त्यांच्या वाडीच्या दारात पोचेपर्यंत मी काय बोलायचं ते घोकत होते.

त्यांनी दार उघडलं. चष्मा कपाळावर, टेबलावर कसलेसे नकाशे पसरलेले. ‘ये. बस. जेवलीस?’ म्हणाल्या. मला आधी कळलंच नाही की त्यांनी ‘ये’ म्हटलं. कळलं तेव्हा घोकलेलं सगळं पार विसरून गेलं.

‘बाई, मी सरांना जे सांगितलं…’

‘हं.’ त्या समोर बसल्या. ‘मला एकच सांग. ते तू चांगल्या मनानं म्हणालीस का? मला खरंच त्रास होऊ नये म्हणून?’

मला हो म्हणता आलं असतं. ‘नाही,’ मी म्हटलं. ‘मला ती जागा हवी होती.’

बाईंनी खुर्चीला पाठ टेकली. ‘मग ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘चांगल्या मनानं म्हणाली असतीस तर मला जास्त राग आला असता. आयुष्यभर माझ्या भल्यासाठीच लोकांनी माझं ठरवलं. वडिलांनी ठरवलं, सासूबाईंनी ठरवलं, मोठ्या साहेबांनी ठरवलं. कोणाचंच मन वाईट नव्हतं. तुझं निदान वाईट तरी होतं.’

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, पाणी आणून दिलं, जवळ मात्र घेतलं नाही.

‘जागा हवी असणं यात चूक काही नाही ग,’ त्या म्हणाल्या. ‘बायकांना काही हवं असतं हे बायकांनीच तोंडानं म्हणायला शिकायला हवं. तू म्हणायचं होतंस, सर, मला हवी आहे. आणि बाईंनाही हवी असेल, त्यांना विचारा. मग जिला मिळेल तिला. मला नसती मिळाली तरी मी तुझ्यासाठी खूश झाले असते. झालेच होते. ते दोन वर्षांचं खूश होणं तू वाया घालवलंस.’

मी ग्लासातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

मग त्या एकदम उठल्या. ‘चल, खाली आमची मीटिंग आहे. वाडी पाडून नवी बांधायची आहे, त्याची समिती निवडायचीय. येतेस?’

खाली अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पुरुष बसले होते. बायका बहुतेक वर गॅलरीत कठड्याला टेकून उभ्या. तळमजल्यावरचे सबनीस म्हणून एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले, त्यांचं नाव अध्यक्षपदासाठी आलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्यानं रिवाज म्हणून विचारलं, ‘आणखी कोणाचं नाव?’

‘आहे,’ बाई म्हणाल्या. ‘वासंती अरुण तळपदे.’

‘कोणी सुचवलं?’

‘मीच.’

हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, ‘काकू, महापालिकेत खेटे घालायचे, बिल्डरशी डोकं लावायचं, तुम्हाला कशाला तो ताप?’

‘ताप होईल की नाही ते मी सांगेन,’ बाई म्हणाल्या. आवाज खाली गेला होता. ‘चाळीस वर्षं मी बंदरात माल चढवलाय. हे नकाशे मी तीनदा वाचलेत. सबनीस, तुम्ही वाचलेत? नाव लिहा.’

‘अनुमोदन लागतं,’ सूत्रसंचालक म्हणाला.

बाई उभ्या होत्या. मी भिंतीशी उभी होते आणि माझा हात नकळत वर निघाला होता, पण मी त्या वाडीची कोणीच नव्हते. तो मी खाली घेतला. बऱ्याच वेळानं वरच्या गॅलरीतून एक थकलेला बायकी आवाज आला, ‘माझं अनुमोदन लिहा.’ बाईंनी वर बघून मान लववली.

मतं झाली. बाई हरल्या. फार मोठा फरक नव्हता, पण हरल्या. सबनीस चांगुलपणानं म्हणाले, ‘काकू, तुम्ही सल्लागार म्हणून राहा.’

‘नको,’ बाई म्हणाल्या. ‘पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहीन.’

ते पुढचं वर्ष त्यांना मिळालं नाही. त्या संध्याकाळनंतर मी त्यांना पाहिलं नाही.

निघताना मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, ‘शेवंता गेली सात वर्षं निवडायचं सोडून अख्खं गोदाम सांभाळते आहे. तिला काय हवंय, ते तिला विचारलंस कधी?’ मी मान खाली घातली. ‘विचार,’ म्हणाल्या आणि वळल्या. मला वाटलं घरी जातील. वाडीच्या दारापर्यंत येऊन मी मागे पाहिलं. अंगणातल्या खुर्च्या कोणी-कोणी उचलत होतं. बाई पहिल्या मजल्याच्या गॅलरीत होत्या आणि दारोदार थांबत होत्या. एका दारातल्या माणसाला म्हणत होत्या, ‘मत दिलं नाहीत ते असू दे, पण का दिलं नाहीत तेवढं सांगा.’ तो काहीतरी बोलला, त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढे गेल्या. शेवटच्या घराचं दार लावलेलं होतं. त्यांनी पदर सारखा केला, कडी वाजवली आणि दार उघडायची वाट बघत उभ्या राहिल्या.